मावशी नाही, मग ठोकलं कोणी?

पाणीपुरवठा केंद्राची जुनी दप्तरे लावताना एका दैनंदिनीत मला ही वाक्ये सापडली : "अकरा वाजून वीस मिनिटांनी ठोकले. उत्तर आले. पाणी सोडले नाही." त्याखाली, त्याच हस्ताक्षरात पण कागद फाटेल इतका जोर देऊन लिहिले होते : "चार वाजून दहा मिनिटे. सोडले." नोंद तीन वर्षांपूर्वीची होती आणि ती करणारे व्हॉल्व्हमन काका त्याच इमारतीत, तळमजल्यावर, पाणी सोडायचे चाक असलेल्या खोलीत अजूनही बसत होते. पुढील मजकूर त्यांच्या, काकूंच्या, फिटरच्या आणि इंजिनिअर मॅडमच्या सांगण्यावरून लिहिला आहे. चौघांना मी वेगवेगळे भेटलो. काय घडले, याबाबत त्यांच्या सांगण्यात कुठेही तफावत आढळली नाही, आणि मला तीच गोष्ट खटकत राहिली.

जलाशयातून गाळणीकडे जाणारा बोगदा तीनशे चाळीस मीटर लांबीचा आहे. महिन्यातून एकदा तो कोरडा करून माणसे आत उतरतात आणि गाळ काढतात. आत जाण्याचे दार एकच, चाकाच्या खोलीतले. दुसऱ्या टोकाला लोखंडी जाळी आहे, मांजरही निसटणार नाही अशी. दारावर दगडात कोरलेला एका जलदेवतेचा मुखवटा आहे. तो कोणी बसवला याची नोंद नाही. कामगार तिला मावशी म्हणतात.

काका आणि काकू दोघेही पक्के नास्तिक. त्यांचे लग्न रजिस्ट्रारच्या कचेरीत दहा मिनिटांत उरकले, आणि त्यातली सात मिनिटे पेन शोधण्यात गेली, असे काकू सांगतात. तरीही सफाईच्या प्रत्येक दिवशी काका ओल्या फडक्याने मावशीचा चेहरा पुसत. मग आत आरपार गेलेल्या लोखंडी नळीवर पान्याने तीन ठोके देऊन म्हणत, "मावशी, पाणी येतंय." त्यानंतर साठ अंक मोजत. आत कोणी राहिलेच असेल, तर त्याने नळीवर दोन ठोके द्यायचे, असा दंडक होता. शांतता राहिली की चाक फिरवायचे.

"नास्तिकाची भक्ती म्हणजे बिनसाखरेचा चहा," फिटर चिडवायचा. "पण पितात मात्र न चुकता!"

"देवाला मानत नाही मी."

"मग मावशीला का घाबरता?"

"मावशीला कोण घाबरत नाही? आईची बहीण आहे ती."

मला मात्र त्यांनी निराळे कारण दिले. "नुसता नियम माणूस विसरतो. चेहरा विसरत नाही. आणि मावशी नाहीच, म्हणून तर तिच्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवता येतो."

नोंदीतल्या त्या दिवशी फिटर आणि दोन मजूर आत गेले, तिघेही बाहेर आले. मॅडम शेजारी उभ्या होत्या. काकांनी चेहरा पुसला, ठोके दिले, मोजायला सुरुवात केली. एकतिसाव्या अंकाला नळीतून दोन ठोके आले. घाईचे नव्हते. बंद दारावर आपण वाजवतो, तसे.

फिटरने हात जोडले. "काका, मावशीनं होकार दिला! सोडा पाणी."

"हवा असेल," मॅडम म्हणाल्या. "लोखंड आकुंचन पावतं."

काकांनी चाकाला कुलूप घातले. "मावशी नाही. मग ठोकलं कोणी?"

ते स्वतः आत गेले आणि जाळीला हात लावून परत आले. कोणी नव्हते. पुन्हा तीन ठोके दिले. पुन्हा दोन आले. मग पाचही जण हातात हात धरून, बोगद्याची पूर्ण रुंदी व्यापून चालत गेले. फिटरच्या सांगण्याप्रमाणे आत असताना त्यांना काहीच ऐकू आले नाही. मात्र बाहेर येऊन दार लावताच, त्यांनी न ठोकताही नळी दोनदा वाजली. बोगद्याचा मूळ नकाशा मी तीनदा तपासला. त्यात कोनाडा, आडवाट किंवा विहीर, काहीही नाही.

दुपारी इस्पितळातून फोन सुरू झाले. त्यांच्या टाकीत पाच वाजेपर्यंतचेच पाणी होते. रक्तशुद्धीच्या यंत्रावर सहा रुग्ण होते. मॅडमनी लेखी आदेश काढला.

"काका, सहा माणसं खरी आहेत. मला त्यांची नावं माहीत आहेत."

"आणि आतलं?"

"आत कोणी नाही. तुम्हीच पाहून आलात ना?"

"पाहिलं. आणि ऐकलंही."

चार वाजता मॅडम स्वतः चाकाकडे गेल्या. काकांनी त्यांचा हात बाजूला केला. "तुम्ही नको. तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं झोपायचंय."

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी चाक फिरवले. बोगदा भरायला चार मिनिटे लागतात. तीन मिनिटे ठोके येत राहिले, दोन, थांबून दोन. शेवटच्या मिनिटात फक्त पाण्याचा आवाज होता.

सहाही रुग्ण वाचले. गाळणीच्या जाळीपाशी काही आढळले नाही. बेपत्ता व्यक्तींच्या त्या वर्षीच्या नोंदी मी आसपासच्या चार ठाण्यांत जाऊन पाहिल्या. जुळणारी एकही नाही. ऐकलेल्यांपैकी फिटर निर्धास्त आहे. मावशीने पाणी मागून घेतले, असे तो आनंदाने सांगतो. मॅडमच्या अहवालात "तापमानबदल" असे कारण आहे. दार लावून मीही एकदा नळीवर तीन ठोके दिले आणि साठपर्यंत मोजले. काही आले नाही. साठच्या पुढे मी मोजले नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

चाक फिरवायचे काम काकांनी त्याच आठवड्यात सोडले. नोकरी सोडली नाही. आता सफाईच्या दिवशी पहाटे, मजुरांच्या आधी, ते एकटे आत जातात आणि दोन्ही भिंती तळहाताने चाचपत जाळीपर्यंत चालतात.

गेल्या महिन्यात अशाच एका पहाटे मी त्यांच्या घरी होतो. काकूंनी चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाल्या, "अहो, एकदा मान्य करून टाका ना, मावशी होती म्हणून. तिनं ठोकलं, तिनंच पाणी मागितलं. मीही मान्य करते तुमच्याबरोबर. आयुष्यभर नाही म्हटलं ते दोघं मिळून हो म्हणू. कुणाला सांगायचं नाही."

काकांनी त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले, ते हो म्हणतील. माझी तशी इच्छाही होती.

"तू हो म्हटल्यानं आतलं माणूस बाहेर येणारे का गं?" ते म्हणाले, आणि खाली वाकून गमबुटात पाय घालू लागले.