उलटं झाकण

नोव्हा स्कोशियाच्या त्या खाडीतल्या झाडून सगळ्या लॉब्स्टर-बोटींना बायकांची नावं होती. जितीजागती बाई मात्र बोटीवर अपशकुनी. व्हर्ना ॲटकिन्सन वीस वर्षं बापाच्या बोटीवर पिंजरे ओढत होती. पण ती फक्त स्वयंपाकाला येते, अशी सगळ्यांनी आपापली समजूत घालून घेतली होती. चहा तीच करायची, त्यामुळे समजूत टिकली.

बाप वारला. बोट आणि परवाना व्हर्नाकडे आला. हंगामाच्या पहिल्या दिवशी पिंजरे पाण्यात पडले नाहीत, तर चांगल्या जागा दुसरे बळकावतात आणि वर्ष हातचं जातं. एकटीच्यानं ते होत नाही. बापाचा जुना गडी पेर्ली आपल्या भाच्याला घेऊन येतो म्हणाला होता.

हंगाम उघडला त्या सकाळी पेर्ली एकटाच आला.

“सुकाणूवर मी राहतो,” तो म्हणाला. “तू खाली चहाचं बघ. बापाच्या वेळी होतं तसंच.”

“बापाच्या वेळी सुकाणूवर बाप होता, पेर्लीकाका. आता मी आहे.”

“बाईच्या हाताखाली? या वयात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!”

आणि त्यानं डेकवरच्या खणाचं झाकण उचलून उलटं आपटलं.

धक्क्यावरची माणसं हातातली कामं टाकून बघू लागली. झाकण उलटं पडलं की ती बोट त्या दिवशी हलत नाही, आणि परक्यानं तिला हात लावायचा नाही. ज्यानं उलटलं त्यानंच सुलटं करून त्याच बोटीनं निघायचं, तरच दोष जातो. पेर्ली हे सगळं जाणून होता आणि घराकडे चालू लागला होता.

रागात एवढंच त्याच्या ध्यानात आलं नाही, की बोटी धक्क्याला एकीला एक लागून बांधलेल्या होत्या आणि व्हर्नाची सगळ्यांत बाहेर होती. ती हलल्याशिवाय आतली एकही सुटणार नव्हती.

व्हर्नाला रडू येत होतं. तिनं कपात चहा ओतला आणि बसली.

“व्हर्ना, बोट बाजूला घे!” आतल्या बोटीवरून ॲन्सेल ओरडला. बाई अपशकुनी, हे पालुपद मुळात त्याचंच.

“कशी घेऊ? झाकण उलटंय.”

“अगं, असल्या गोष्टी काय मनावर घेतेस!”

“मी कुठं घेतेय? ये ना, तूच कर सुलटं.”

ॲन्सेल जागचा हलला नाही. पलीकडच्या धक्क्यावरच्या बोटी एकेक करून बाहेर पडत होत्या. ॲन्सेलनं त्या पाहिल्या आणि पेर्लीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौघांनी पेर्लीला बखोटीला धरून परत आणलं. त्यानं झाकण सुलटं केलं. भाचाही कुठूनसा उगवला.

“आता?” पेर्ली पुटपुटला.

“आता दोर सोडा. आणि चहा संपलाय, तेवढा टाका.”

त्या दिवशी व्हर्नाचे सगळे पिंजरे पडले. पुढच्या हंगामाआधी बंदरावरच्या पुरुषांनी बैठक घेतली आणि व्हर्नाची बोट सगळ्यांत आत, धक्क्याला लागून बांधायची, असं एकमतानं ठरवलं. बाईमाणसाला चढा-उतरायला सोपं पडावं म्हणून.