तीन डॉलर आणि तारेची घासणी

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर साठ-पासष्ट वर्षं एक अमेरिकन बाई बसत होती.

त्याचं असं झालं. माझे आजेसासरे नागपुरातच एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला होते. बाई आपल्या देशी परत निघाल्या तेव्हा त्यांनी आजेसासऱ्यांच्या हातावर चांदीचे तीन डॉलर ठेवले. किराणावाल्याने ते घेतले नाहीत, दूधवाल्याने घेतले नाहीत, तेव्हा घरात ज्या वस्तूचं काय करायचं ते कळत नाही ती जिथे जाते तिथे ते गेले. देव्हाऱ्यात! नाण्याच्या एका बाजूला कुरळ्या केसांच्या बाईचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला पक्षी. माझ्या सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या, त्यांनी नाणं एकदा उलटून पाहिलं आणि निकाल दिला. बाई म्हणजे लक्ष्मी, पक्षी म्हणजे गरुड. मग विष्णू कुठे आहेत, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "उतरले असतील कुठं. सारखं पाखरावर बसूनच राहतील का?"

तेव्हापासून दर दिवाळीला त्या तिघींना दुधाची अंघोळ, मग हळद, मग कुंकू. सासूबाईंचा एकच दंडक होता. लक्ष्मीच्या तोंडाला घासायचं नाही. त्यामुळे होता होता बाईच्या तोंडावर कुंकवाचा असा थर बसला की नाक आहे की नाही हेही आठवणीवरच चालायचं. सासूबाई गेल्यावर मीही तोच नेम पाळला.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत.

मागच्या उन्हाळ्यात आमचे हे रिटायर झाले. हे कचेरीत बाबू होते. रिटायर झालेल्या माणसाला दिवसभर मोबाईल बघायची मोकळीक असते. एका दुपारी हे खुर्चीतून एकदम उठले. मोबाईलवर एक माणूस आमची लक्ष्मी हातात धरून बोलत होता! त्याच बाईचं, त्याच पाखराचं नाणं. म्हणे, नाणं चांगल्या स्थितीत असलं तर एकेक लाखांत जातं. बाईच्या कानावरच्या केसांच्या बटा आणि पाखराच्या छातीवरची पिसं जितकी स्पष्ट, तितका भाव जास्त. पाखराच्या शेपटीखाली टाकसाळीचं एखादं बारीक अक्षर असलं तर आणखी जास्त. पुढे तो माणूस "पण एक गोष्ट कधीही करू नका" असं म्हणाला आणि यांचं नेट संपलं. (ती एक गोष्ट कोणती, ते आम्हाला पुढे कळलं. व्हिडिओ न बघता कळलं.)

यांनी लगेच उमरेडला आपल्या मोठ्या बहिणीला, कुसुमताईंना फोन केला. आईची वस्तू, तेव्हा निम्मा वाटा त्यांचा. हे वागायला सरळ आहेत, पण फोन ठेवल्यावर यांनी आपल्या निम्म्यात सोफा घ्यायचं ठरवूनही टाकलं. तीन माणसांचा, पाय लांब करता येणारा.

आता मला काय हवं होतं ते सांगते. मला कमोड हवा होता.

माझे गुडघे गेली चार वर्षं वाकत नाहीत. आमच्याकडे जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा संडास. मी खिडकीच्या गजाला नायलॉनची दोरी बांधली होती आणि तिला धरून उठत होते. विहिरीतून बादली वर यावी तशी, थांबत थांबत. पण ही गोष्ट घरात बोलायची कशी? मी इतकी लाजरी की दुकानात साबण घ्यायचा तरी नाव न घेता बोट दाखवते. कमोडकडे बोट दाखवायला तो आधी समोर तर असायला हवा! सोफ्याचं ऐकलं तेव्हा मी मनात हिशेब केला की भाव जर खूपच चांगला आला, तर सोफा होऊन काही उरेल आणि तेव्हा एखाद्या बऱ्या क्षणी मी हळूच बोलेन.

म्हणजे भाव खूपच चांगला यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने कुसुमताई दारात. चपला काढायच्या आधी म्हणाल्या, "पाणी मंग दे वं शांता. पह्यले लक्ष्मी दाखव."

हे पोथी वाचायचं भिंग घेऊन खिडकीत बसले. बराच वेळ एक डोळा मिटून बघत होते.

"कानावरचे केस मोजता आले पाह्यजे म्हणते तो," हे म्हणाले. "इथं त कानच सापडून नाही राहिला."

"कुंकवाखाली असन," ताई म्हणाल्या.

"पिसंही नाही दिसत. पूर्ण काळं पडलं. याचा काय भाव येते?"

असं म्हणून दोघं बहीण-भाऊ जेवले आणि आडवे झाले. सराफ्यात संध्याकाळी जायचं ठरलं होतं. मी तिन्ही लक्ष्म्या घेऊन मोरीत गेले.

मला सांगा, आपल्याकडे कोणती वस्तू अशी मळक्या तोंडाने बाहेर जाते? मुलगी दाखवायची असली तर तोंड धुवूनच दाखवतात ना? सासूबाईंच्या फोटोला हात जोडले आणि कामाला लागले. आधी चिंचेच्या कोळात भिजवलं. मग राख. कुंकू निघालं, नाक निघालं, हनुवटी निघाली. काळं मात्र जाईना. मग टूथपेस्ट आणि जुना ब्रश. कान सापडला! पण माझं मन भरेना. गरुडाच्या छातीत अजून काळं दिसत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे सारखा पांढराशुभ्र कमोड येत होता. मी भांड्यांची तारेची घासणी घेतली. तासभरानंतर तिन्ही नाणी अशी लखलखली की आजच पाडल्यासारखी. शेवटी तांदळाच्या धुवणातून काढून पदराला पुसली.

उठल्यावर दोघांनी पाहिलं. यांचे डोळे दिपले. "आता कशी दिसून राहिली," हे म्हणाले. ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा.

इतवारीच्या बाजारात एक म्हातारे सराफ जुनी नाणी घेतात, असं यांनी चौकशी करून ठेवलं होतं. गर्दीतून, हातगाड्यांतून वाट काढत आम्ही पोचलो. दुकान चिंचोळं. गादीवर सराफ, पुढे आम्ही तिघं आणि बाजूला दोन बाया नातीसाठी पैंजण बघत होत्या. मी नेहमीसारखी यांच्या पाठीमागे.

सराफांनी आधी लोहचुंबक लावलं. चिकटलं नाही. वजन केलं, मान डोलावली. नाणं अस्सल! यांनी मागे हात करून माझा हात दाबला. मग सराफांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पहिलं नाणं उजेडात तिरकं धरलं.

"याले वरून भोक आहे," ते म्हणाले.

"आईनं पाडलं," हे म्हणाले. "मी लहान असताना मले सारखी नजर लागे. काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं होतं."

सराफांनी यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "मंग नंतर नजर लागली का?"

"नाही."

"मंग याची किंमत वसूल झाली, भाऊ. भोक पडलेल्या नाण्याले शौकीन माणूस हात लावत नाही. हे चांदीच्या भावानं जाईन."

दुसरं नाणं. भिंग पाखराच्या शेपटीखाली थांबलं. "इथं एक अक्षर आहे."

यांनी मला कोपराने ढोसलं. बारीक अक्षर! सोफा आणखी एक माणूस लांब झाला असावा.

"'कु' आहे," सराफ म्हणाले.

ताई पुढे सरसावल्या. "ते टाकसाळीचं असन. तिकडं टाकतात म्हणते."

"अमेरिकेत मराठी कुठून आली, ताई?"

मग ताईंनी खालच्या आवाजात कबूल केलं. पाचवीत असताना त्यांनी कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने तो 'कु' कोरला होता, म्हणजे पुढेमागे ते नाणं भावाच्या वाट्याला जाऊ नये. "मंग मले भोकवालं ठेवलं होतं का?" यांनी विचारलं. सराफांनी दुसरंही नाणं पहिल्याच्या शेजारी सरकवलं.

राहिलं तिसरं. त्याला भोक नव्हतं, अक्षर नव्हतं, कोणाच्या गळ्यात गेलं नव्हतं. माझा कमोड आता त्या एकाच बाईच्या हातात होता.

सराफांनी ते बघितलं. उलटलं. पुन्हा बघितलं. दिव्याखाली नेलं. मला वाटलं, माणूस भारावला. मग त्यांनी भिंग काढून विचारलं, "हे कोणं साफ केलं?"

जन्मात पहिल्यांदा मी यांच्या पाठीमागून बाहेर आले.

"मी केलं," मी म्हणाले.

"कायनं केलं?"

"चिंच, राख, टूथपेस्ट, आन् मंग तारेची घासणी." आणि कौतुकात काही कमी राहू नये म्हणून सांगितलं, "तीनही मीच केले."

सराफांनी भिंग गादीवर ठेवलं. "बाई, हे नाणं झिजलेलं नव्हतं. सालही चांगलं होतं. ते काळं होतं ना, ती त्याची साय होती. इतक्या वर्षांत जमली होती. घेणारा तेच पाह्यते. कुंकू आम्ही काढलं असतं. जसं होतं तसं आणलं असतं त..." आणि पुढे आकडा न सांगता त्यांनी फक्त वर पंख्याकडे पाहिलं. आम्ही तिघांनीही पंख्याकडे पाहिलं. "आता सारे ओरखडे आहेत. हेही चांदीच्या भावानं."

सासूबाईंनी आयुष्यभर जपलेली ती साय मी एका दुपारी मोरीतून वाहून लावली होती.

हे माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "काहून वं?" यांनी विचारलं. "काहून घासलं इतकं?"

आता खरं तर मला म्हणता आलं असतं की चूक झाली. पण तोंडून भलतंच निघालं, आणि ते एवढ्या मोठ्यानं की माझा आवाज असाही आहे हे मलाच नवीन होतं.

"मले कमोड पाह्यजे होता!"

पैंजणवाल्या बाया पैंजण हातात धरून थांबल्या. बाहेरचा हातगाडीवालाही थांबला, असं मला वाटलं.

"गुडघे वाकत नाही माह्ये," मी म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. "दोरी धरून उठतो मी. चार वर्षं झाले. तुम्ही सोफा घेऊन राहिले."

"दोरी?" हे म्हणाले. "मले वाटलं, ती कपडे वाळवाची आहे."

पैंजणवाल्यांपैकी मोठी बाई हळूच म्हणाली, "माह्येही नाही वाकत वं माय." सराफ म्हणाले, त्यांच्याकडे मागच्या साली बसवला, फार आराम आहे, आणि तिसऱ्या गल्लीतल्या दुकानाचा पत्ताही दिला. कुसुमताईंनी नाणी मोडून आलेली सगळी रक्कम तिथेच माझ्या मुठीत कोंबली. "माह्या वाटाही यातच," त्या म्हणाल्या. "आन् तू," असं भावाकडे वळून, "खाली सतरंजीवर पाय लांब कर."

आठ दिवसांत कमोड आला. अगदी माझ्या मनातला, पांढराशुभ्र.

आता रोज सकाळी सहाला हे मोबाईल घेऊन आत जातात. म्हणतात, सोफ्यापेक्षा बरं आहे, इथं कोणी उठवायला येत नाही. सातला बाहेर येतात, कधी साडेसातला. मी दाराबाहेर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी असते. दार वाजवायला हात उचलते आणि लाजून खाली घेते. मोठ्याने कमोड मागायचा तर मला सराफाचं दुकानच लागतं.