केळीचं औषध आणि आमची अब्रू

आधीच सांगून टाकतो: मी केळीचा शेतकरी आहे आणि ही गोष्ट माझ्या लिंगाची आहे. आता जो विनोद तुमच्या ओठांवर आलाय तो गिळा. आमच्या फैजपूरच्या बाजूला तो चौथीतली पोरं करतात आणि पाचवीत गेली की सोडून देतात.

पन्नाशी ओलांडल्यावर एका सकाळी आंघोळ करताना पाहिलं, तर टोकाची कातडी लाल, सुजलेली, आत दह्यासारखा पांढरा थर. लघवीला आग, आणि खाज अशी की चार माणसांत उभं राहणं मुश्कील. हात मोडला असता तर गळ्यात बांधून गावभर मिरवला असता; हे कुणाला दाखवणार? भीती एकच होती, की बायको म्हणेल, हे बाहेरून आणलं. सव्वीस वर्षांच्या संसारात मी बाहेरून आणलेली सगळ्यात भानगडीची वस्तू म्हणजे एक चिनी टॉर्च. पण केळीच्या गाडीबरोबर दोनदा दिल्लीला जाऊन आलो होतो, आणि संशयाला तेवढं पुरतं.

म्हणून मी मळ्यात झोपायला लागलो. आमच्याकडं पंपाची वीज, म्हणजे लाईन, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. बायकोला सांगितलं, रात्रीची लाईन आहे, केळीला पाणी सोडायचंय. ती बरं म्हणाली.

इलाज सुरू केला तो साबणानं. दिवसातून तीनदा अंगाचा साबण, मग कपड्यांचा, मग जंतुनाशक टाकलेलं गरम पाणी. कातडी सोललेल्या बटाट्यासारखी झाली आणि खाज दुप्पट. असे दीड-दोन महिने काढल्यावर मी अक्कल चालवली. पांढरा थर म्हणजे बुरशी, हे मला कुणी शिकवायला नको. केळीच्या पानांवरच्या करप्याशी भांडण्यात माझा जन्म गेला. आणि बुरशीचं औषध तर पंपाच्या खोलीत पडलेलंच होतं. आमच्याकडं माणसाला बरं नसलं तर आठ दिवस वाट बघतात, केळीला बरं नसलं तर तासाभरात औषध येतं. पंधरा लिटरच्या फवारणी पंपाचं माप त्रैराशिक मांडून लोटाभर पाण्याला बसवलं आणि कापसाच्या बोळ्यानं लावलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. भर दुपारी मी विहिरीजवळच्या हौदात कमरेपर्यंत बुडून उभा होतो आणि देवाला नावानिशी हाका मारत होतो. बांधावरून शेजारचे आबा चालले होते.

"काय रे भो, काय करून राह्यला?"

"पाइप पाहून राह्यलो, आबा."

"पायजमा काढून?" असं म्हणून आबा पुढे गेले. त्यांनी हे गावात कुणाला सांगितलं नाही, यासाठी मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

आता डॉक्टर गाठणं भाग होतं. जळगावात डॉक्टर पुष्कळ, पण आमचे नातेवाईक त्याहून जास्त. म्हणून धुळे ठरवलं. बायकोला म्हटलं, रोपं बघायला धुळ्याला जातोय. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि डबा भरून दिला.

धुळ्याच्या त्या दवाखान्याच्या पाटीवर 'त्वचारोग व गुप्तरोग' असं लिहिलेलं. त्यातला दुसरा शब्द वाचून मी तोंडाला रुमाल बांधला. आत कंपाउंडरनं पडदा ओढला आणि मी घाबरून सदराच काढायला लागलो, तर तो म्हणाला, "नाना, बठ्ठं काढानं नई. अन् लाजानं काय शे? बठ्ठासनं सारखंच शे." म्हणजे, सगळं काढायचं नाही, आणि सगळ्यांचं सारखंच असतं.

डॉक्टर निघाल्या बाई, माझ्या लेकीच्या वयाच्या. मी कोपर पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं.

"कोपर उत्तम आहे. आता दुखतंय ते दाखवा."

दाखवलं. केळीच्या औषधाचंही कबूल केलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते पानांचं औषध आहे, दादा. तुम्हाला पानं फुटलीत का?"

मग त्यांनी नीट समजावलं. हा आजार पुष्कळ पुरुषांना होतो आणि दर वेळी तो कुणाकडून आणलेलाच असतो असं नाही. माझ्या बाबतीत कातडीखाली ओल राहत होती, लघवीत साखरही उतरत असणार, बुरशीला आयतं घर मिळालं होतं. साबण बंद. साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, हलक्या हातानं कोरडं करायचं, दिलेलं मलम सांगितले तितके दिवस लावायचं, मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. मागे केलेली कातडी आठवणीनं पुढे आणायची. अडकली तर तसंच पळत यायचं. बोटाला टोचून त्यांनी रक्त तपासलं. मला मधुमेह होता, आणि ती बातमी घेऊन आला तो हा असला आजार.

"बायकोला काही त्रास?" बाईंनी विचारलं.

"छे, तिला काही नाही."

"विचारलंत?"

विचारलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा ती चहा टाकत होती. मी मलमाची ट्यूब ओट्यावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं, हौदासकट. ती हसेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. तिनं ट्यूब उचलून नाव वाचलं, गॅस बारीक केला, आणि फळीवरच्या पापडाच्या डब्यामागं हात घालून दुसरी ट्यूब काढली. तेच नाव. शेपटीकडून गुंडाळत आणलेली, जवळजवळ संपलेली.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "एकटीच जाऊन भुसावयहून आणली."

"मला सांगायचं ना."

"कोठी सांगू? मळ्यात? लाईन कव्हा दिवसाची अन् कव्हा रात्रीची, मले नाही कयत? अन् केयीवाला मानूस आपल्याकडली रोपं सोडून धुय्याले जातो का?" मग ती चहाकडं बघत म्हणाली, "मले वाटलं, माहीच तुम्हाले किळस आली."

मला फार शरम वाटली. पानावर मोहरीएवढा ठिपका पडला तर तो मला बांधावरून दिसतो. बायको दोन महिने घरात खाजवत, कण्हत, डब्यामागं ट्यूब लपवत होती, आणि मी माझी अब्रू सांभाळत मळ्यात पडलो होतो.

चहा पिऊन मी मळ्यात गेलो आणि गादी गुंडाळून घरी आणली. त्या आठवड्यात लाईन खरोखरच रात्रीची होती.