हात आवणीचा

माझ्या वडिलांना, कमळाकर नानांना, मुरबाडच्या बाजूला सगळे साक्षीवाले नाना म्हणत. मला त्याची भारी लाज वाटे. लोकांचे बाप शेती करतात, दुकान चालवतात, आणि आमचे नाना काय, तर दुसऱ्याच्या कागदावर सही करायला गावं पालथी घालतात! खाटेला खिळलेल्या म्हातारीचं मृत्युपत्र असो की भावाभावांची वाटणी, शाईची डबी पिशवीत टाकून नाना दारात हजर.

त्यांची एक खोड होती. कागद मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग अंगठा निरखत बसायचं. आवणीत, भात लावून लावून, बायकांच्या बोटांची कातडी चिखलपाण्याने अशी झिजे की रेघ म्हणून उमटत नसे. नुसता काळा डाग. मग नाना कागद गुंडाळून उठत. आता नाय, दसऱ्यानंतर कातडी भरली की येतो म्हणत. लोक कुरकुरत, आई कपाळाला हात लावी. पुन्हा चार कोस पायपीट सांगितलीय कुणी? पण नाना ऐकतील तर शपथ.

या खोडीनेच हिराबाईचं शेत वाचलं.

हिराबाई आमच्या शेजारच्या पाड्यातली विधवा. नवऱ्यामागे पंधरा वर्षं ती कूळ म्हणून एक तुकडा कसत होती. सत्तावन्न साली कूळकायद्याने कसणाऱ्याच्या नावावर जमीन व्हायची वेळ आली, तसा मालकाने एक कागद पुढे केला. पंचावन्नच्या आषाढात हिराबाईने राजीखुशीने जमीन सोडली, तेव्हापासून ती मजुरीने राबते, असं त्यात लिहिलेलं. खाली तिचा म्हणून अंगठा. मी दिलाच नाय, असं ती रडून रडून सांगे. पण कागदापुढे तिचं ऐकतो कोण?

सुनावणी नेमकी आवणीत आली. ती शेतातूनच तशी गेली, सोबत नाना. मी तिथे नव्हते, पण हिराबाईने हे मला इतक्यांदा सांगितलंय की सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. मामलेदारांनी कागद नानांच्या हाती दिला. ठसा कसा, तर एकेक रेघ मोजून घ्यावी. नाना एरवी तापट, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही.

"साहेब, आषाढात आवणी करणाऱ्या बाईचा अंगठा असा उठत नाय. हिचा आता घेऊन बघा."

घेतला. काळा डाग. दुसऱ्यांदा डाग, तिसऱ्यांदाही डागच. मामलेदारांनी निकाल थांबवला. दसऱ्यानंतर ठसा पुन्हा घेतला, तेव्हा तो मालकाच्या कागदाशी मुळीच जुळला नाही. जमीन हिराबाईची झाली.

पण त्या पहिल्या दिवशी तिच्या जबानीखाली तरी काय उठवायचं? डाग चालणार नाही म्हणून कारकून अडून बसला. तेव्हा नानांनी त्या डागाशेजारी काहीतरी लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे तिला वाचून दाखवलं.

अडुसष्ट साली नाना गेले. बाराव्याला हिराबाई त्या जबानीची नक्कल पदरात बांधून आली आणि मला म्हणाली, "वाच गो." मी वाचू लागले. "ठसा उमटत नाही. हात आवणीचा आहे." पुढे मला वाचवेना. माझ्याच लाजेची मला लाज वाटली.

हिराबाईला अक्षर येत नव्हतं. उरलेलं तिनेच म्हणून दाखवलं.

"मी या हाताला ओळखतो."