तीट पुसून घ्या

आमच्या विभागात किस्से ठेवायला वेगळी फाइल हवी. पनवेलच्या आमच्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या हृदयाची ऑपरेशनं होतात. त्या वेळी बाळाच्या कपाळावर डावीकडे आणि उजवीकडे एकेक पट्टी चिकटवतात. मेंदूच्या त्या बाजूला किती ऑक्सिजन मिळतोय ते ती दाखवते. ते आकडे दर मिनिटाला लिहायचे आणि बाळ दोन वर्षांचं झालं की त्याची वाढ तपासायची, ही माझी नोकरी. मी सायकॉलॉजीची, आणि कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी!

पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली. ऑपरेशन सुरू व्हायचं होतं आणि डावा आकडा उजव्यापेक्षा कमी. मी ओरडले, "सर, डावा मेंदू!" हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या शिंदेसरांनी डावी पट्टी उचलली. खाली आजीनं लावलेली काजळाची ठसठशीत तीट! तेव्हापासून दारावर पाटी आहे, 'तीट पुसून घ्या'. आणि माझं नाव, डावा मेंदू.

*

तपासणीत मुलानं ठोकळ्यांचा मनोरा रचायचा असतो. रोडपालीच्या एका आईनं तसलेच ठोकळे ऑनलाइन मागवून महिनाभर सराव करून घेतला. माझ्या टेबलावर डबा दिसताच पोराचा चेहरा पडला. त्यानं टेबलावरचे ठोकळे गोळा केले, डब्यात भरले, झाकण लावलं आणि म्हणाला, "झालं."

फॉर्ममध्ये याला रकाना नाही. शिंदेसर म्हणाले, लिही, व्यवस्थापन उत्तम.

*

करंजा बंदरावरची चिऊ ऑपरेशनला आली तेव्हा मी पाटी वाचून दाखवली. तिची आजी, मासळी विकणारी, शांतपणे म्हणाली, "पुसा. मी तलपायाला लावलीय."

ऑपरेशनच्या मध्यात चिऊचा आकडा घसरायला लागला. हळूहळू, दोन्ही बाजूंनी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा हसतील. पट्टी सुटली असेल. मी नुसती लिहीत राहिले, आणि शेवटी अलार्मच बोलला. सरांनी आणि भूलतज्ज्ञांनी मिळून आकडा वर आणला. माझ्या कागदावर गप्प बसण्याच्या दोन ओळी राहिल्या.

चहाला सरांनी एवढंच सांगितलं, "घाबरट माणूस चालेल इथं. गप्प बसणारा नाही."

त्या दोन मिनिटांनी काय झालं असेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, काही नसेलही. दोन वर्षांनी तूच तपासशील.

*

डिस्चार्जच्या दिवशी आजीनं चिऊवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, तुजा चेहरा का उतरलाय? ये, तुजीपन काढते." मी दचकले. विभागातले सगळे बघत होते. तरी उभी राहिले.

*

चिऊ दोन वर्षांची झाली. तपासणीच्या दोन तारखा चुकल्या, कोणी आलं नाही. नंबर एकच, आजीचा. सकाळी लावला, लागला नाही. दुपारी वाजून बंद. सर म्हणाले, बंदरावर लिलाव चालू असेल, किती वेळा लावशील? मी पुन्हा लावला. समोर चिऊचा कोरा फॉर्म. पहिलाच प्रश्न: दोन शब्द जोडून बोलते का? पेनाचं टोपण मी काढत होते, लावत होते.

सातव्या वेळी फोन उचलला गेला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. मी म्हटलं, "आजी?"

"आजी नाय," एक बारीक, बोबडा आवाज म्हणाला. "तू कोन?"