बेबीनंदाचं घरचं टॉकीज

बेबीनंदा दहावी होऊन पिंपळगाव रेणुकाईला सून म्हणून आली, तेव्हा तिचा नवरा भुजंग शेतीच्या जोडीला लग्नाचं शूटिंग करायचा. शूटिंग चांगलं व्हायचं. पण मिक्सिंगला, म्हणजे काटछाट करून गाणी जोडायला, कॅसेट जालन्याला द्यावी लागे, आणि तिथला माणूस नवरीच्या डोहाळजेवणाची वेळ आली तरी लग्नाची कॅसेट हातात देत नसे. एकदा तगादा लावायला ती भुजंगबरोबर गेली आणि त्या माणसाच्या मागे स्टुलावर बसून तीन तास नुसती बघत राहिली. परतताना एसटीत म्हणाली, "अहो, हे मला जमंल."

आणि खरंच जमलं. पुढं वीस वर्षं आसपासच्या गावांतल्या नवरा-नवरीला पडद्यावर उमलत्या कमळातून वर काढायचं काम बेबीनंदानं केलं. कुणाच्या वरातीत कोण नाचलं, पाठवणीला कोण रडलं आणि कोण नुसतं डोळे पुसल्यासारखं करत होतं, हे तिला त्या घरच्यांपेक्षा जास्त पाठ होतं.

पुढं कॅसेटींना बुरशी धरायला लागली, तसा तिचा जीव कासावीस झाला. दोन उन्हाळे खपून तिनं एकेक कॅसेट पुसली आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. मग यूट्यूबवर बघून बघून घरातच सर्व्हर उभा केला. सर्व्हर म्हणजे काही मोठं यंत्र नव्हतं. मिक्सिंगचा जुना कॉम्प्युटर, दोन हार्ड डिस्क आणि एका परदेशी कंपनीचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, बस. पण त्यामुळं पुण्यात, सुरतेत, संभाजीनगरात गेलेली गावची माणसं आपल्या टीव्हीवर घरची लग्नं बघू लागली. गावानं त्याला नाव दिलं, बेबीचं टॉकीज.

यंदा वैशाखात भुजंगच्या बहिणीच्या, शालूच्या घरी लग्न निघालं. शालू बदनापूरला राहते. तिच्या लेकीची, शीतलची हळद चार दिवसांवर आली असताना तिचा फोन आला.

"वहिनी, टॉकीज बंद पडलं का? टीव्ही पैसे मागून राह्यला."

बेबीनंदानं कॉम्प्युटर उघडला. घरात सगळं बराबर चालू होतं. पण कंपनीनं नियम बदलला होता. घराबाहेरून बघायचं असेल तर आता दर महिन्याला वर्गणी. तशा ईमेलही येऊन पडल्या होत्या. तिनं त्या जाहिराती समजून कधी उघडल्याच नव्हत्या.

"भरून टाक की," भुजंग म्हणाला. "लग्नाच्या घाईत कुठं डोकं लावती?"

"त्यांनाबी पोट हाय, ते मागतील. त्याचं न्हाई काही," बेबीनंदा म्हणाली. "पण शूटिंग तुमचं, मिक्सिंग माझं, डबडं आपल्या घरात. आन् दाराची किल्ली तिसऱ्याच्या हातात? आज हे दार लावलं, उद्या दुसरं लावतील."

भुजंगला हा स्वर ओळखीचा होता. त्यानं चहा ठेवला.

तिनं शोधलं, तेव्हा कळलं की असंच दुसरंही एक सॉफ्टवेअर आहे. जगभरची माणसं हौसेनं ते बनवतात, कुणी मालक नाही आणि वर्गणीही नाही. दुपारी जेवणं उरकून ती बसली आणि दिवेलागणीपर्यंत ते तिच्या कॉम्प्युटरवर सुरू झालं. ती एवढी खूश झाली की बाजूलाच राहणाऱ्या आणि तिचंच वायफाय वापरणाऱ्या रखमाजी गुरुजींना तिनं लगेच जोडून दिलं. पाचव्या मिनिटाला गुरुजी स्वतःच काठी टेकत दारात आले.

"बेबे, माझ्या पोरीच्या लग्नात भूत कव्हा आल्तं गं?"

बेबीनंदानं बघितलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. नव्या सॉफ्टवेअरला ही सगळी लग्नं म्हणजे सिनेमे वाटले होते. त्यानं प्रत्येकाच्या नावाशी जमेल तसं नाव जुळवून जगभरची पोस्टरं चिकटवली होती. गुरुजींच्या पोरीच्या लग्नावर रक्ताळलेल्या दातांची बाई. शालूच्या लग्नावर बंदूक घेतलेला टकला. गावच्या सर्जेराव पाटलांच्या साठीशांतीवर तर बर्फात पळणारं अस्वल.

"अस्वल राहू दे," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "शोभतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं पुसून नव्यानं मांडलं. हे सिनेमे नाहीत, घरगुती व्हिडिओ आहेत, असं त्याला आधीच बजावलं. भुतं गेली आणि पोस्टरांच्या जागी खरे चेहरे आले. मात्र बाहेरून बघायची वाट आता स्वतःच बांधायची होती. घराघरातल्या टीव्हीला आणि फोनला तिच्या कॉम्प्युटरशी जोडणारा एक खाजगी रस्ता, ज्यावर फक्त ओळखीच्यांनाच सोडायचं. तो बांधताना दोनदा घरचं इंटरनेटच बंद पडलं. भुजंग क्रिकेट बघत होता. तो उठून शेतावर गेला.

शालूच्या टीव्हीचं काम मात्र फोनवरून होईना. हळदीच्या दिवशी सकाळी बेबीनंदा भुजंगबरोबर एसटीनं भोकरदन, जालना करत बदनापूरला पोचली, पाया पडायचं उरकलं आणि पदर खोचून टीव्हीसमोर बसली.

"मामी, आधी पाणी तरी प्या!" शीतल म्हणाली.

"पासवर्ड सांग आधी."

एवढी घाई कशापायी, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. भुजंग-शालूची धावड्याची सोनूबाई आत्या हळदीला आली होती. आत्या म्हणजे या घरातली हळदीची गाणी. भुजंगच्या पिढीतली एकही हळद तिच्या गाण्यावाचून लागली नव्हती. पण दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. आता जवळ कान नेला तरच बोलणं ऐकू येई. लग्नघरी यायलाही ती तयार नव्हती. शालूनं गाडी पाठवून तिला आणलं होतं.

टीव्ही मांडवात आणून ठेवला आणि शीतलला पाटावर बसवलं. बायकांनी हळदीची वाटी उचलली आणि सगळ्यांची नजर सवयीनं आत्याकडं गेली. आत्यानं मान खाली घातली. तेवढ्यात बेबीनंदानं रिमोटचं बटण दाबलं.

टीव्हीवर पन्नाशीतली सोनूबाई उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात वाटी, आणि असा आवाज की शेजारच्या गच्चीवरची माणसं कठड्याशी आली. एक गाणं संपलं की दुसऱ्या लग्नातलं दुसरं सुरू होई. अकरा लग्नांतून अकरा गाणी काढून बेबीनंदानं एका माळेत ओवली होती.

आत्या टक लावून बघत होती. मग तिचा हात मांडीवर ठेका धरू लागला. ती उठली, टीव्हीच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हातवारे करून बायकांना सांगू लागली, आता तुम्ही, आता तुम्ही. बायकांनी गाणं उचललं. शीतलला हळद लागली, करवल्यांना लागली, भुजंगच्या पांढऱ्या सदऱ्याला लागली. चौथ्या गाण्याला आत्यानं बेबीनंदाचा दंड धरून खाली ओढलं आणि कानात खरखरत म्हणाली, "हितं एक कडवं गाळलं मी. घाईत व्हते."

"मंग सांगा की, आत्या."

आत्या कानात सांगत गेली, बेबीनंदा मोठ्यानं म्हणत गेली. बेबीनंदाचा आवाज अगदीच बेसूर. पण आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू काही मावळलं नाही.

लग्नानंतर महिनाभर बेबीनंदा एकेका कुटुंबाला फोनवरून नव्या टॉकीजमध्ये आणत होती. ते काम संपत आलं, तेव्हा तिला कळलं की या सॉफ्टवेअरचं मराठी अजून अर्धंमुर्धंच आहे आणि ते कुणालाही सुधारता येतं. व्हिडिओ सुरू करायच्या बटणावर कुणीतरी इंग्रजी 'प्ले'चं सरळ 'खेळा' असं लिहून ठेवलं होतं.

"खेळा काय?" ती भुजंगला म्हणाली. "लग्न काय खेळत्यात व्हय?"

तिनं तिथं 'लावा' असं लिहून पाठवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, शब्द मान्य आहे, धन्यवाद. बेबीनंदानं ते भुजंगला दोनदा वाचून दाखवलं आणि लगेच पुढच्या शब्दाकडं वळली.