उताराखालचं वळण

अपघाताच्या फॉर्मवर ‘कारण’ या रकान्यात पार्कच्या लोकांनी ‘स्कीअरची चूक’ असं लिहिलं होतं. स्की करणाऱ्यांना ऊब घ्यायला बसायच्या वॉर्मिंग हाउसच्या काउंटरवर पडलेला तो कागद मी उलटा वाचला आणि माझी कानशिलं तापली. बाहेर अँब्युलन्सचं दार लागत होतं. काउंटरवरच्या माणसाला मी विचारलं की हे कुणी लिहिलं. तो म्हणाला, नेहमी असंच लिहितात.

ती स्कीअर म्हणजे आमची मावशी. सख्खी नव्हे; अमेरिकेत ईडन प्रेरी या गावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, शाळेत नर्स म्हणून नोकरी करून रिटायर झालेली अमेरिकन बाई. मला नावानंच हाक मार म्हणायची. सत्तरीच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी तिला मावशी हा शब्द शिकवला. तिला तो इतका आवडला की ख्रिसमसच्या कार्डावर ती तीच सही करायला लागली. दोन हजार दोनमध्ये मी नवऱ्यामागोमाग नागपूरहून इथं आले आणि पहिला अख्खा हिवाळा खिडकीशी बसून काढला. दुसऱ्या हिवाळ्यात ती स्कीचे जुने बूट घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, चल.

डोंगरावरून सुसाट खाली यायची ती स्की नव्हे. शहराबाहेर वीस मिनिटांवर एक सरकारी पार्क होतं. तिथं जंगलातून वाट काढलेली, त्या वाटेवरच्या बर्फात मशीननं दोन खोबणी पाडलेल्या. त्या खोबणींत स्कीच्या पट्ट्या टाकून चालल्यासारखं घसरत जायचं. पास काढला की कुणीही यावं. आठवडाभर मी पडले. मग एक दिवस पडले नाही, आणि त्यानंतर मला घरात बसवेना.

त्या वाटेवर एकच जागा वाईट होती. लांबलचक उतार उतरलं की पायथ्याशी समोरच्या एका जुन्या ओकला चुकवत वाट एकदम उजवीकडे वळायची. वळणावर बाहेरचा काठ उचललेला असावा लागतो, म्हणजे वेगात आलेला माणूस बाहेर फेकला जात नाही. इथं उलट होतं. बाहेरचा काठच खाली उतरलेला. वर टेकडीतून पाणी पाझरायचं, दुपारच्या उन्हात वाटेवर पसरायचं आणि सकाळपर्यंत त्याची काच व्हायची. मावशी चाळीस वर्षं स्की करत होती. त्या काचेवरून ती सरळ ओकवर गेली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

मला हे पहिल्याच वर्षी दिसलं होतं. न दिसून कसं चालेल? मी सिव्हिल इंजिनिअर. नागपूरला सरकारी रस्ते खात्यात सहा वर्षं वळणं आखत होते. माझे वडील त्याच खात्यात गँगवर मजूर होते, पुढं मुकादम झाले. मी इंजिनिअर म्हणून रुजू झाले त्या दिवशी ते मला ऑफिसच्या गेटपर्यंत सोडायला आले आणि आत आले नाहीत. त्यांनी जन्मभर बांधलेल्या रस्त्यांपैकी एकाही रस्त्यावर त्यांचं नाव नाही. अमेरिकेत येताना माझ्या पासपोर्टवर एच-फोरचा शिक्का बसला. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर आलेली बायको. इथं राहायची परवानगी, नोकरी करायची नाही.

त्या फॉर्मनंतर मी मोजमाप घ्यायचं ठरवलं. लेव्हलचं यंत्र कुठून आणणार? आपल्याकडे गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघतात, तेच करायचं ठरवलं. पण शून्याखाली नळीतलं पाणी गोठतं. मग मी गाडीच्या काचेवर मारायचं ते निळं पाणी आणलं, जे गोठत नाही. नळीचं दुसरं टोक धरायला ट्रेलवर मशीन चालवणारा म्हातारा आला. तो बोलायचा कमी. पहिल्या दिवशी त्यानं अर्धा तास नळी धरली आणि मग एवढंच म्हणाला की या जागेबद्दल तो दरवर्षी सांगतो आणि कुणी ऐकत नाही. आठ-नऊ दिवस रोज सकाळी आम्ही तिथं होतो. हातमोजा काढून आकडा लिहायचा, लगेच परत घालायचा.

माझ्या नकाशात नवी वाट उताराच्या मध्यापासूनच हळूहळू वळत होती. ओक वाचत होता. बाहेरचा काठ उचलला होता, आणि वरच्या अंगाला एक नाली काढून पाणी पाइपातून वाटेखालून पलीकडे सोडलं होतं. पार्कच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये पब्लिकला बोलायला तीन मिनिटं मिळत. मी तीन मिनिटांत सगळं सांगितलं, व्हिसामुळे इथं नोकरी करता येत नाही हेही. अध्यक्ष तरुणपणी स्कीच्या शर्यती जिंकलेले गृहस्थ होते. हसऱ्या चेहऱ्यानं त्यांनी माझ्या तळमळीचं कौतुक केलं आणि कागद ऑफिसात द्यायला सांगितले. मी ते दिले. महिन्याभरानं मीटिंगचा वृत्तांत वेबसाइटवर आला. त्यात मी ‘एक स्थानिक गृहिणी’ होते. मी इंजिनिअर आहे हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

नवऱ्याला हे मुळीच आवडलं नव्हतं. तो वाईट माणूस नाही, पण त्या वर्षांत तो व्हिसाला घाबरून जगत होता. कुठं सही नको, कुठं तक्रार नको. ‘तू यात पडू नकोस यार,’ तो म्हणाला, ‘आपलं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे.’ मी म्हटलं, आपलं नाही, तुझं.

उन्हाळा गेला, कमिटीकडून एक ओळ आली नाही. मावशी नर्सिंग होममधून घरी आली, वॉकर घेऊन. मग शरद ऋतूत पेपरात बातमी आली की पार्कच्या सुधारणेचा आराखडा लोकांना दाखवायला ठेवला आहे. मी गेले. वॉर्मिंग हाउसच्या भिंतीवर मोठे रंगीत बोर्ड लावले होते, खाली एका कन्सल्टंट कंपनीचा शिक्का. तिसऱ्या बोर्डावर माझं वळण होतं.

माझंच. शंका घ्यायला जागा नव्हती, कारण त्यात माझी चूकही होती. हिवाळ्यात मोजताना बर्फाखाली एक मोठा उंचवटा लागला होता, तो मी नकाशात ‘दगड’ म्हणून दाखवला होता. बर्फ वितळल्यावर कळलं की ते उपडं पडलेलं पिकनिक टेबल होतं, आणि पार्कच्या लोकांनी ते उचलूनही नेलं. त्यांच्या बोर्डावर तो दगड होता. नीट राखाडी रंग भरून.

कंपनीचा एक तरुण मुलगा बोर्डाशेजारी टाय लावून उभा होता. अध्यक्षही तिथंच होते. मी त्या मुलाला विचारलं की हा दगड तुम्ही प्रत्यक्ष पाहिला का. तो हो म्हणाला.

मी म्हटलं, ‘चला, मला दाखवा.’

तो अध्यक्षांकडे बघायला लागला. मग मी टेबलाची गोष्ट सांगितली, आवाज न चढवता, पण आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मुलगा कानापर्यंत लाल झाला. अध्यक्ष म्हणाले की सूचना अनेक लोकांकडून आल्या होत्या, कुणाकुणाची नावं घालणार. मी म्हटलं, माझ्याशिवाय आणखी कुणी ते वळण मोजलं असेल तर त्याचंही घाला. तेव्हा ते जवळ आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले:

‘हे बघा, तुमच्याच भल्यासाठी सांगतो. तुम्हाला या देशात काम करायची परवानगी नाही ना? मग तुमचं नाव त्यावर नसलेलंच बरं.’

मी बाहेर पडले. पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर इतक्या जोरात मूठ आपटली की करंगळी आठवडाभर सुजलेली होती. पैसे मी मागितले नव्हते. फुकट केलेल्या कामाखाली नाव लिहायला कुठला कायदा आडवा येतो? पण त्या क्षणी मला ते म्हणता आलं नाही, कारण कुणास ठाऊक, येतही असेल, ही भीती माझ्याही अंगात मुरली होती. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

घरी नवरा म्हणाला की वळण तर होतंय ना. वीकेंडला पॉटलकला, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जमलेल्या आमच्या मराठी मंडळींचंही तेच मत पडलं. व्हॉलंटिअर म्हणजे व्हॉलंटिअर, त्यात नावाचं काय घेऊन बसलीस. एक काकू तर म्हणाल्या की बिझी राहतेस हे काय कमी आहे. ज्यांची नावं ऑफिसच्या दारावर होती ते हे सांगत होते. मी गुलाबजामची वाटी खाली ठेवली आणि आमच्या लहान मुलीला घेऊन निघून आले. गाडीत मुलीनं विचारलं, ‘आर यू मॅड ॲट मी?’ मी नाही म्हटलं, पण ते ज्या आवाजात म्हटलं त्यानं ती रडायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात वळण बांधलं. पहिल्या बर्फाला मी एकटी गेले आणि उतरले. काठ बरोबर उचलला होता. पण वरच्या अंगाला पाहिलं तर नाली नव्हती, पाइप नव्हता. जमिनीखाली जाणारं, फोटोत न दिसणारं जे काही होतं ते सगळं गाळलं होतं. जानेवारीत मशीनवाल्या म्हाताऱ्याचा फोन आला. फोन करणाऱ्यांतला तो नव्हता. एवढंच म्हणाला की काच परत आली आहे, आणि काल एक बाई पडली, मनगट गेलं.

मी त्याला म्हटलं, मला नका सांगू, ज्यांचा शिक्का आहे त्यांना सांगा. आणि फोन ठेवला. दोन दिवस मी याच हट्टात होते. त्यांचं वळण, त्यांनीच निस्तरावं. तिसऱ्या दिवशी मावशीकडे गेले आणि हे सगळं तिला ऐकवलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग मनगट कुठलं ते विचारलं. उजवं की डावं? मला माहीत नव्हतं. ‘नर्सला हे आधी विचारावंसं वाटतं,’ ती म्हणाली. मला लाज वाटली, आणि त्या लाजेनं राग कमी झाला नाही, फक्त त्याचं तोंड परत जिकडं हवं तिकडं वळलं.

पुढच्या मीटिंगला आम्ही तिघं गेलो. म्हाताऱ्यानं आपली नोकरी पणाला लावून बर्फाचे फोटो दाखवले. मावशी वॉकर घेऊन माइकपर्यंत गेली. तिचा अर्धा वेळ तिथं पोचण्यातच गेला आणि अध्यक्षांनी तो मोजायला सुरुवात केली होती. ती म्हणाली, ‘माझ्या फॉर्मवर तुम्ही स्कीअरची चूक लिहिलंत. ते खोडा.’ आणि बसली. मग मी उठले. माझा मूळ नकाशा आणि त्यांचा आराखडा शेजारी शेजारी लावले आणि गाळलेल्या पाइपावर बोट ठेवलं. या वेळी मी पहिल्या वाक्यात इंजिनिअर असल्याचं सांगितलं, शेवटच्या वाक्यात पुन्हा सांगितलं, आणि वृत्तांतात तसंच लिहा म्हणाले.

नाली त्या शरद ऋतूत खणली. पाइप टाकताना मी तिथं उभी होते, कुणी बोलावलं नव्हतं. मजुरांनी उतार उलटा धरला होता. मी थांबवलं. त्यांच्या मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, आपली लेव्हल लावून बघितली आणि पाइप उचलून पुन्हा बसवायला लावला. त्या सगळ्या वर्षांत माझं म्हणणं पहिल्या फटक्यात मानणारा अधिकारातला माणूस तो एकच.

त्या हिवाळ्यात वळणावर काच आली नाही. मावशीचा फॉर्म कुणी बदलला नाही. ऑफिसनं कळवलं की जुनी नोंद खोडता येत नाही. ती पुन्हा स्कीवर उभी राहिली नाही. वॉर्मिंग हाउसबाहेर बोर्ड लागला. त्यावर कंपनीचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, ‘अनेक स्वयंसेवक’ असंही आहे.

त्याच सुमारास मला कामाची परवानगी मिळाली आणि थोड्या महिन्यांत रस्त्यांचं काम करणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरी. ते अध्यक्षांच्या कानावर गेलं असावं. दोन हजार आठच्या वसंतात त्यांचं पत्र आलं: कमिटीवर एक जागा रिकामी आहे, माझ्यासारखी अनुभवी इंजिनिअर मिळाली तर त्यांना आनंद होईल. माझ्यासारखी अनुभवी इंजिनिअर त्यांच्यासमोर तीन वर्षं उभी होती.

नवरा म्हणाला की मोठ्या मनानं हो म्हण. मी ऑफिसातून घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तर लिहिलं. जागा घ्यायला मी तयार आहे, आधी आराखड्याच्या तिसऱ्या पानावर आखणी कुणी केली ते छापा, आणि तो दगड काढा. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पत्र पोस्टात टाकलं. त्याचं उत्तर मला कधीच आलं नाही.